घरच्या गॅरेजसाठी फोर पोस्ट लिफ्ट : नागपूरच्या जमिनीवर निवड कशी करावी?

बेसा_रोड (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

बेसा परिसरातील आमच्या घरामागे येत्या हिवाळ्यात गॅरेजचे बांधकाम सुरू करावयाचे आहे. पाया अजून खोदलेला नाही आणि स्लॅबची उंचीही ठरलेली नाही. जे बदल करावयाचे ते नकाशा कागदावर असतानाच करता यावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

घरात तीन गाड्या आहेत: वडिलांची ॲम्बॅसेडर, आई ज्या गाडीवर चालवायला शिकली ती मारुती ८००, आणि रोजच्या वापरातील स्विफ्ट. बाजूची मोकळी जागा सोडल्यावर गॅरेजला आतून १२ फूट रुंदी आणि २१ फूट लांबी मिळते. त्यात दोन गाड्या एकामागे एक बसत नाहीत. जुन्या गाड्या विकायच्या नाहीत आणि ताडपत्रीखाली उन्हापावसात ठेवणेही आता पटत नाही. म्हणून फोर पोस्ट, म्हणजे चार खांबांवर गाडी उचलणारी, लिफ्ट बसवून एक गाडी वर, एक खाली, तिसरी पोर्चमध्ये, आणि सुटीच्या दिवशी त्याच लिफ्टवर गाडीखाली नीट उभे राहून तेलपाण्याची कामे करावीत, असा बेत आहे.

आतापर्यंत तीन प्रस्ताव हाती आले आहेत. एक ३.५ टनाच्या आयात लिफ्टचा, दुसरा ४ टनाच्या, व्हील अलाइनमेंटसाठी वापरल्या जाणाऱ्या लिफ्टचा, आणि तिसरा हिंगणा एमआयडीसीतील एका फॅब्रिकेटरचा, जो "नमुना दाखवा, तशीच बनवून देतो" असे म्हणतो. किती टनाची लिफ्ट घ्यावी, छत किती उंच ठेवावे, जमीन कशी तयार करावी आणि घरच्या सिंगल फेज जोडणीवर ती चालेल का, हे माझे प्रश्न आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वाडी_वर्कशॉप

दादा, आपण टनापासून सुरुवात केलीत. विक्रेतेही तिथूनच करतात, कारण तो आकडा सांगायला सोपा असतो. ॲम्बॅसेडरचे वजन सुमारे बाराशे किलो, मारुती ८०० चे साडेसहाशेच्या आसपास, स्विफ्टचे नऊशेच्या घरात. उद्या घरात इनोव्हा क्रिस्टा आली तरी ती पावणेदोन-दोन टनांत बसते. ३.५ टन आपल्याला पुरून उरतात. तेव्हा टनाचा विषय बाजूला ठेवावा आणि सगळे लक्ष लॉकवर द्यावे, कारण फोर पोस्ट लिफ्टमध्ये माणसाचा जीव लॉकच्या भरवशावर असतो.

तिची रचना थोडक्यात सांगतो. गाडीची चाके ज्या दोन लांब लोखंडी फळ्यांवर उभी राहतात, त्यांना रनवे म्हणतात. बहुतेक लिफ्टमध्ये एका रनवेच्या पोटात एकच हायड्रॉलिक सिलिंडर असतो. मोटर तेल ढकलते, सिलिंडर सरकतो, आणि त्याला जोडलेले चार वायर रोप पुल्यांवरून फिरून चारही कोपरे एकदम वर ओढतात. वर जाताना प्रत्येक खांबातील लॉक खटखट वाजत पुढच्या खाचेत बसत जाते. या खाचा खांबातील लोखंडी पट्टीत साधारण १० सेंटीमीटर अंतरावर असतात. हवी ती उंची आली की लिफ्ट किंचित खाली सोडून गाडी चारही लॉकवर टेकवायची. त्यानंतर भार तेलावर राहत नाही आणि वायर रोपवरही राहत नाही; तो त्या लोखंडी पट्टीवर येतो. गाडी महिनोन्महिने वर ठेवायची असो किंवा पाच मिनिटे खाली जाऊन ड्रेन प्लग काढायचा असो, लॉकवर टेकवल्याशिवाय खाली जायचे नाही. आमच्याकडे नव्या मुलाला पाना हातात देण्याआधी हे शिकवतो.

विक्रेत्याला विचारण्याच्या गोष्टी अशा. वायर रोप ढिला पडला किंवा तुटला तर आपोआप अडकणारे दुसरे लॉक प्रत्येक खांबात आहे का? चारही लॉक एका दांड्याने हाताने सुटतात, की त्यासाठी हवेचा दाब लागतो? हवेवर चालणाऱ्या लॉकला कॉम्प्रेसर लागतो. वर्कशॉपमध्ये तो असतोच, घरी तेवढ्यासाठी कशाला घ्यायचा? घरासाठी हाताचा दांडा बरा. आणि तिसरे, ज्याच्याकडे फार थोडे लोक पाहतात: लॉकची पट्टी खांबाच्या डोक्यावरच्या नटाने वरखाली करता येते का? नागपुरात हा नट का महत्त्वाचा, ते जमिनीचे जाणकार अधिक चांगले सांगतील.

अलाइनमेंटची ४ टनी लिफ्ट आपल्या कामाची नाही. तिच्या रनवेत टर्नटेबलसाठी (चाकांखालच्या फिरत्या चकत्यांसाठी) खाचा असतात, ती बहुधा थ्री फेजवर चालते, जमिनीत कायमची पक्की करावी लागते, आणि तिच्या किमतीत आपण अशा अचूकतेचे पैसे देता जिचा आपल्याला उपयोग नाही.

सीताबर्डी_सायकलस्वार

प्रश्न साधा वाटेल, पण विचारतो. आमच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये जमिनीत खड्डा होता आणि त्यावर फळ्या टाकलेल्या असत. घरगुती कामासाठी खड्डाच का नको? खर्चही बराच कमी येईल.

मुरूम_आणि_कोबा

खड्ड्याचे आधी सांगतो, मग मूळ विषयाकडे वळतो. मी बांधकाम खात्यात नोकरी केली आहे आणि निवृत्तीनंतरही मित्रांच्या घरांचे पाये पाहत असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती खड्ड्यात साचते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीखाली हा धोका काल्पनिक नाही. शिवाय काळ्या मातीत खड्ड्याच्या भिंतींवर पावसाळ्यात बाजूने दाब येतो आणि तळाशी पाणी झिरपते. आजोबांच्या काळी पर्याय नव्हता, आज आहे. आणि खड्ड्यामुळे गाडी ठेवायला एका गाडीचीही जागा वाढत नाही.

आता जमीन. बेसा, पिपळा, हुडकेश्वर या बाजूंची बरीच लेआउट पूर्वीच्या शेतजमिनींवर आहेत आणि वरचा थर काळ्या मातीचा आहे. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, त्या याच कारणाने. तिच्यावर थेट कोबा टाकला तर तो पावसाळ्यात उचलला जातो आणि उन्हाळ्यात बसतो, आणि सगळीकडे सारखा नाही. गॅरेजची कडेची बाजू पाण्याने भिजते, मधली कोरडी राहते, म्हणून कडा आणि मध्य यांची हालचाल वेगवेगळी होते.

येथे एक गैरसमज दूर करतो. लोक विचारतात, "काँक्रीट भार पेलेल का?" साधा हिशेब करू. ॲम्बॅसेडर आणि लिफ्टचे स्वतःचे वजन मिळून दोन टन धरले, तर एका खांबावर सरासरी ५०० किलो येतात. इंजिनाच्या बाजूच्या खांबावर ७०० धरा. खांबाखालची प्लेट २५ गुणिले २५ सेंटीमीटर असली तरी दाब चौरस सेंटीमीटरला सव्वा किलोच्या आत राहतो. एम-२० काँक्रीटची २८ दिवसांची ताकद चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे २०० किलो असते. काँक्रीट चिरडले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खरी काळजी ही की चारपैकी एक खांब इतर तिघांच्या तुलनेत खाली बसला तर काय होईल. तो १० मिलिमीटर बसला की त्याच्या लॉकची खाच तेवढीच खाली जाते, रनवे पीळ खातो, आणि भार चार लॉकवर न राहता समोरासमोरच्या कोनांतील दोन लॉकवर जास्त येतो. हे डोळ्यांना सहज दिसत नाही.

म्हणून वर्कशॉपवाल्या भाऊंनी सांगितलेला तो नट. ज्या लिफ्टमध्ये लॉकची पट्टी नट फिरवून वरखाली करता येते, तिच्यात खांब थोडा बसला तरी चारही लॉक पुन्हा एका पातळीत आणता येतात. जिच्यात ही सोय नाही, तिच्यात खांबाखाली पत्र्याच्या शिम सरकवणे एवढाच उपाय राहतो, आणि शिमची जाडीही उत्पादक मर्यादितच देऊ देतो. अनेक ठिकाणी ती अर्ध्या इंचाच्या आसपास असते. पुणे-मुंबईच्या खडकावर बांधलेल्या गॅरेजात हा फरक कदाचित गौण ठरेल. काळ्या मातीवर मी याच एका गोष्टीवरून लिफ्ट निवडीन किंवा नाकारीन.

जमीन तयार करताना काळी माती शक्य तितकी खोल काढावी, किमान दोन-तीन फूट, आणि अधिक खोलवर तीच माती असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मातीची तपासणी करून घ्यावी. खाली चांगला मुरूम १५ सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून भरावा. धुम्मसाने वरवर ठोकलेला मुरूम पहिल्याच पावसात बसतो. त्यावर दगडी सोलिंग, पातळ पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट), आणि वर १५० मिलिमीटर जाडीचा एम-२५ काँक्रीटचा सळईची जाळी असलेला स्लॅब. बहुतेक उत्पादक फोर पोस्टसाठी १०० मिलिमीटर काँक्रीट पुरेसे मानतात, पण ते स्थिर जमीन गृहीत धरून. आपल्याकडे जादा ५० मिलिमीटर आणि जाळी यांचा उपयोग भार पेलण्यापेक्षा चारही खांब एकाच पाटावर बांधून ठेवण्यासाठी आहे. म्हणून या स्लॅबमध्ये खांबांच्या मधून जोड काढू देऊ नये आणि कोणताही खांब स्लॅबच्या अगदी कडेला येऊ देऊ नये. गॅरेजच्या चारही बाजूंनी दोन-तीन फूट रुंद पक्का ॲप्रन करून छताचे पाणी दूर सोडावे. माती भिजली नाही तर ती फुगतही नाही.

मनीषनगर_०४

आमचे गॅरेज बांधून झालेले आहे. पोर्चप्रमाणेच आत पार्किंग टाइल्स लावल्या आहेत आणि गाडी धुण्याचे पाणी बाहेर जावे म्हणून उतार दिला आहे. यावर लिफ्ट बसवता येईल का?

मुरूम_आणि_कोबा

ताई, टाइल्सवर खांब उभा करू नये. टाइलखालच्या मसाल्यात पोकळ जागा राहतातच. नाण्याने ठोकून पाहा, काही टाइल्स बद्द वाजतील. खांबाच्या प्लेटपेक्षा थोडा मोठा चौकोन कापून खालच्या काँक्रीटपर्यंत जावे, ते किती जाड आहे ते पाहावे, आणि कमी असेल तर त्या जागी खोल खोदून नवे काँक्रीट भरावे.

उतार अधिक अडचणीचा आहे. शंभराला एक असा नेहमीचा उतार धरला, तरी पुढच्या आणि मागच्या खांबांत सव्वाचार मीटर अंतर असल्यास पातळीत ४२ मिलिमीटरांचा फरक पडतो. तो शिमने भरून काढण्यासारखा नाही. खालच्या दोन खांबांसाठी काँक्रीटचे उंचवटे लिफ्टच्या उत्पादकाला विचारूनच करावेत. लेव्हल ट्यूब घेऊन चारही जागांची पातळी आधी मोजा. गवंड्याच्या शब्दावर जाऊ नका.

धागाकर्त्यांनी नव्या बांधकामात खांबांच्या भागात फरशी पूर्ण समतल ठेवावी आणि पाण्याचा उतार फक्त दाराजवळच्या पट्ट्यात द्यावा.

कोराडी_नाका

उंचीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी हिशेब मांडतो.

ॲम्बॅसेडरची उंची सुमारे १.६० मीटर आणि स्विफ्टची १.५३ मीटर. खालच्या गाडीच्या टपावर १० सेंटीमीटर मोकळे सोडा. रनवे आणि त्याखालचे आडवे बीम मिळून १५ सेंटीमीटर धरा. आपल्या लिफ्टचा आकडा उत्पादकाच्या नकाशातून घ्या. वरच्या गाडीच्या टपावर आणखी १० सेंटीमीटर. एकूण ३.४८ मीटर, म्हणजे ११ फूट ५ इंच. कोणती गाडी वर आणि कोणती खाली याने ही बेरीज बदलत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बदलतो तो रनवे किती उंच न्यावा लागतो हा आकडा. लॉक १० सेंटीमीटरच्या टप्प्यांवरच बसत असल्यामुळे आपल्याला हव्या त्या नेमक्या उंचीवर लिफ्ट थांबत नाही, ती वरच्या खाचेत जाते. तेव्हा आणखी जवळजवळ १० सेंटीमीटर धरून ३.५८ मीटर होतात. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. दादा, आतून स्वच्छ १२ फूट ठेवा, आणि ते बीमच्या खालून मोजा, स्लॅबच्या खालून नव्हे.

शटरचा गुंडाळा, पंखा आणि ट्यूबलाइट यांच्या जागाही आत्ताच ठरवा. शटरचा गुंडाळा दाराच्या आतल्या बाजूस दीड फूट जागा सहज खातो आणि वरच्या गाडीचे नाक नेमके तिथेच येते. १२ फूट रुंदीचे म्हणाल तर, लिफ्टची बाहेरची रुंदी साधारण २.७ मीटर असते आणि आपल्याकडे ३.६६ मीटर आहेत. लिफ्ट मधोमध न बसवता एका भिंतीकडे सरकवा. दुसऱ्या बाजूला माणसाला हत्यारांची पेटी घेऊन चालता येईल एवढी वाट मिळते.

आणखी एक: छत पत्र्याचे करू नका. नागपूरचा मे आपण जाणता. बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखाली हातभर अंतरावर जुनी गाडी वर्षभर ठेवली, तर डॅशबोर्ड, रबरी पट्ट्या आणि टाकीतील पेट्रोल यांची काय अवस्था होईल? पत्राच घालावयाचा असल्यास खाली उष्णतारोधक थर द्या आणि वरच्या बाजूस हवा खेळती ठेवा.

वीजवाहिनी_नागपूर

विजेबद्दल लिहिते. घरगुती लिफ्टची मोटर साधारणतः २.२ किलोवॅटची, म्हणजे तीन अश्वशक्तीची, असते आणि ती २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालते. चालताना ती १३ ते १५ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. म्हणून ती गिझरच्या किंवा एसीच्या सॉकेटवर लावू नये. मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, मोटरसाठी योग्य असा सी किंवा डी प्रकारचा एमसीबी, गळती ओळखणारा ब्रेकर आणि बटणांपाशी हाताने बंद करता येणारा मुख्य स्विच द्यावा. महावितरणकडे आपला मंजूर भार किती आहे ते बिलावर पाहा. दोन एसी आणि पंप असतील तर भार वाढवून घ्यावा लागेल.

अर्थिंगकडे मात्र वर्षभर लक्ष हवे. काळी माती ओली असताना उत्तम अर्थिंग देते आणि मे महिन्यात कोरडी पडून आक्रसली की इलेक्ट्रोडपासून सुटते, तेव्हा तिचा रोध वाढतो. लोखंडी लिफ्टला हात लावून काम करावयाचे असल्याने गॅरेजसाठी स्वतंत्र अर्थ पिट करा आणि रोध उन्हाळ्यात मोजून घ्या. पावसाळ्यातील आकडा फसवा असतो.

आयात लिफ्ट घेत असाल तर मोटरच्या पाटीवर ५० हर्ट्झ लिहिलेले आहे याची स्वतः खात्री करा. अमेरिकी बाजारासाठी बनलेली ६० हर्ट्झची मोटर आपल्याकडे हळू फिरते आणि अधिक तापते.

आता वीज गेल्यावर काय, हा प्रश्न. खाली येण्यासाठी मोटर लागत नाही, तेल सोडले की गाडी स्वतःच्या वजनाने उतरते, असे विक्रेता सांगतो आणि ते खरे आहे. पण गाडी लॉकवर टेकलेली असेल तर आधी ती दोन-चार सेंटीमीटर वर उचलल्याशिवाय लॉक सुटत नाहीत, आणि उचलायला वीज लागते. घरचा साधा इन्व्हर्टर ही मोटर सुरू करू शकत नाही. म्हणून रात्री-अपरात्री लागणारी गाडी नेहमी खाली आणि क्वचित लागणारी वर, हा क्रम मोडू नये.

अंबाझरी_लेआउट

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या भागात घराघरांत पाणी शिरले. त्यानंतर माझ्याही मनात लिफ्टचा विचार आला आहे, कारण त्या दिवशी शेजारच्या जवळपास सगळ्या गाड्या पाण्यात होत्या. पूर आल्यास लिफ्टवरची गाडी सुरक्षित राहते, हे खरे का?

वाडी_वर्कशॉप

काका, वरची राहते. खालची राहत नाही. तरी पावसाच्या अंदाजाच्या रात्री खालची गाडी उंचावरच्या रस्त्यावर नेऊन ठेवता आली, तर निदान एक गाडी निश्चिंत. पाणी आत शिरू लागल्यावर मात्र गॅरेजमध्ये जाऊन लिफ्ट चालवू नये. ओल्या जमिनीवर उभे राहून वीज हाताळण्याएवढी कोणतीही गाडी मोलाची नाही. मोटर आणि तेलाची टाकी खांबावर छातीच्या उंचीवर असते, ती तशीच ठेवावी. सॉकेट आणि स्विच त्याहून वर घ्यावेत. पाणी ओसरल्यावर खांबांचे तळ, खालच्या पुल्या आणि वायर रोपची टोके गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावून मगच लिफ्ट हलवावी. गाळ पुलीत राहिला तर रोप आतून गंजतो, आणि वरून तो चकचकीतच दिसतो.

बेसा_रोड (धागाकर्ता)

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. आर्किटेक्टशी बोलून बीमखालून १२ फूट आणि खांबांच्या भागात समतल फरशी असा बदल नकाशात करून घेतला आहे. मातीची तपासणीही करून घेणार आहे.

दोन गोष्टी अजून स्पष्ट नाहीत. हिंगण्याच्या फॅब्रिकेटरची किंमत बरीच कमी आहे आणि त्याचे वेल्डिंग मी पाहिले आहे, ते सुबक आहे. त्याला नकार देण्याचे ठोस कारण काय? आणि वर मारुती ८०० ठेवावी की ॲम्बॅसेडर?

वाडी_वर्कशॉप

फॅब्रिकेटरचे काम सुबक असेलच. आपल्या भागातील शेड आणि ट्रॉल्या ही मंडळी उत्तम बनवतात. अडचण वेगळी आहे. लॉकची पट्टी कोणत्या पोलादाची, तिची खाच किती भाराला वाकते, पुलीचा पिन किती झिजला की बदलावा, रोप तुटल्यावर दुसरे लॉक किती अंतरात पकडते, हे वेल्डिंग पाहून कळत नाही. ते चाचणीने कळते. युरोपात वाहन लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे, अमेरिकेत लिफ्ट उत्पादकांच्या संघटनेची स्वतंत्र प्रमाणपत्र पद्धत आहे. ज्या लिफ्टबरोबर अशा मानकाचे, त्याच मॉडेलचे नाव असलेले कागद आणि खांबावर क्षमतेची कोरलेली पाटी येते, तिच्याखाली उभे राहावे. कोइम्बतूरच्या एटीएस एल्गीसारख्या गॅरेजची उपकरणे बनवणाऱ्या देशी कंपन्यांनाही विचारून पाहा. सुटे भाग आणि सर्व्हिस देशातच मिळणे ही लहान गोष्ट नाही. आयात लिफ्ट घ्यायचीच तर वायर रोपचा एक पूर्ण संच आणि सिलिंडरच्या सील सोबतच मागवून ठेवा. फॅब्रिकेटरकडून चाकांचे अडथळे, तेल झेलायचे ट्रे आणि हत्यारांच्या मांडण्या जरूर करून घ्या. ट्रे लागतीलच: ॲम्बॅसेडर वर ठेवली आणि ट्रे नसला, तर स्विफ्टच्या बॉनेटवर इंजिन ऑइलचे ठिपके पडतील.

आता मारुती ८००. येथे मोजमाप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर सुमारे १.२१५ मीटर आहे आणि टायर १४५ मिलिमीटर रुंद. म्हणजे टायरच्या आतल्या कडांमध्ये १.०७ मीटर राहतात. दोन रनवेंमधली मोकळी जागा १ मीटर असलेली लिफ्ट घेतलीत, तर प्रत्येक बाजूला टायरची आतली कड रनवेच्या आतल्या कडेपासून केवळ साडेतीन सेंटीमीटरवर येते. एखाद्या दिवशी गाडी किंचित तिरकी चढली की चाक आत घसरलेच म्हणून समजा. ज्या लिफ्टमध्ये एक रनवे आत सरकवून ही जागा ९० सेंटीमीटरपर्यंत कमी करता येते, तीच घ्या. आणि ते सरकवल्यावरही ॲम्बॅसेडरची चाके बाहेरच्या कडेपासून आत राहतात ना, हे लगेच तपासा. आजच्या लिफ्ट रुंद गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात, आपल्या जुन्या गाड्या अरुंद आहेत.

वर्षभर उभी राहणार ती वर, हा माझा सल्ला. तुमच्या सांगण्यावरून ती ॲम्बॅसेडर दिसते. तिच्यासाठी टू पोस्टपेक्षा (दोन खांबांच्या लिफ्टपेक्षा) फोर पोस्ट बरी, याचे कारणही सांगतो: टू पोस्टचे हात गाडीच्या खालच्या पत्र्याला आधार देतात, आणि या वयाच्या गाडीचा तो पत्रा आतून किती उरला आहे ते कोणी सांगू शकत नाही. फोर पोस्टवर ती स्वतःच्या चाकांवर उभी राहते. त्याची दुसरी बाजू ही की चाके काढता येत नाहीत. ब्रेकचे काम करायचे असल्यास दोन रनवेंच्या मध्ये सरकणारा जॅक वेगळा घ्यावा लागतो. तो त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलसाठीचा हवा. हँडब्रेकवर विसंबू नका, पुढच्या आणि मागच्या चाकांना अडथळे लावा.

मुरूम_आणि_कोबा

बसवण्याच्या दिवसाबद्दल एवढेच. लिफ्टचे सामान जड असते, हायड्रा (चाकांवरची क्रेन) गॅरेजच्या दारापर्यंत येऊ शकेल अशी वाट कंपाउंडची भिंत बांधण्याआधीच सोडा. काँक्रीटला निदान दहा-बारा दिवस पाणी नीट मारा आणि २८ दिवस पूर्ण होईपर्यंत अँकर बोल्टची भोके पाडू देऊ नका. बसवणारे लोक तारीख देऊन येतात आणि घाई करतात. चारही खांब ओळंब्यात आहेत हे दोन्ही दिशांनी तपासा. मग रिकामी लिफ्ट प्रत्येक खाचेवर थांबवून चारही लॉक बसलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आवाजावरून अंदाज बांधू नका, चार खटके आणि तीन खटके यांत कानाला फरक कळत नाही. त्यानंतर स्विफ्ट चढवून पहिल्या खाचेवर रात्रभर ठेवा आणि सकाळी पातळी पुन्हा मोजा.

त्या दिवशीचे चारही खांबांचे आकडे भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. मेच्या अखेरीस, जमीन सर्वांत कोरडी असताना, आणि सप्टेंबरच्या अखेरीस, ती सर्वांत ओली असताना, पुन्हा मोजून त्यांच्याखाली लिहा. पहिल्या दोन वर्षांत फरक पाच मिलिमीटरच्या आत राहिला तर नट फिरवून लॉक जुळवून घ्या. त्याहून जास्त वाढत गेला तर गाडी खाली उतरवा आणि आधी पाणी कुठून मुरते आहे ते शोधा.